नवा कर्नल, जुनं मशीन: लिनक्स मिंट २२.२ टाकण्याआधी हार्डवेअर कसं तपासायचं

'या लॅपटॉपवर लिनक्स चालतं का?' हा प्रश्नच अर्धवट आहे. स्क्रीन लागते, आवाज येतो, नेट चालतं. पण झाकण लावून लॅपटॉप बॅगेत टाकला आणि दादरहून ठाण्याला उतरेपर्यंत तो इस्त्रीसारखा तापला, तर त्याला चालणं म्हणायचं का? वाय-फाय, झोप, कॅमेरा, प्रिंटर या प्रत्येकाचं उत्तर वेगळं असतं. ते उत्तर मशीनच्या मॉडेलवर कमी आणि आतल्या चिपवर व कर्नलच्या, म्हणजे हार्डवेअर सांभाळणाऱ्या लिनक्सच्या गाभ्याच्या, नंबरवर जास्त अवलंबून असतं.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचे प्रोसेसर आहेत, तुरळक अपवाद सोडून. त्यामुळे थिंकपॅड टी४७०, लॅटिट्यूड ७४८०, एलिटबुक ८४० जी३ अशी सहाव्या-सातव्या पिढीची दणकट मशीनं अडकली. लॅमिंग्टन रोडवर रिफर्बिश्ड म्हणून अशीच मशीनं दिसतात. त्यांना लिनक्स सहसा आनंदाने घेतं. गंमत म्हणजे त्रास जुन्या मशीनपेक्षा अगदी नव्या लॅपटॉपवर जास्त होतो, कारण त्यातली चिप बाजारात आली तेव्हा जुना कर्नल तयार होऊन बसलेला असतो.

इथे लिनक्स मिंट २२.२, म्हणजे विंडोजऐवजी बसवता येणारी लिनक्सची एक तयार आवृत्ती, धरून लिहिलं आहे. 'झारा' हे तिचं नाव, आली सप्टेंबर २०२५ मध्ये, पाया उबंटू या दुसऱ्या लिनक्सच्या २४.०४ चा, अपडेट २०२९ पर्यंत. तिच्यासोबत ६.१४ हा कर्नल येतो. मूळ मिंट २२ मध्ये ६.८ होता. हार्डवेअरच्या दृष्टीने खरी बातमी ही एवढीच. बाकीचं सगळं, म्हणजे नवे रंग, नवे वॉलपेपर, शोभेचं.

तीन गोष्टी जुळाव्या लागतात

पहिली म्हणजे कर्नल. ड्रायव्हर त्याच्यातच असतात, म्हणून लिनक्सवर सीडी घालून ड्रायव्हर टाकायची वेळ क्वचित येते. दुसरी म्हणजे फर्मवेअर: चिपच्या आत चढवायची छोटी फाइल. कर्नलला चिप ओळखू आली, पण फर्मवेअर नसेल, तर वाय-फाय यादीत दिसतच नाही. अशा वेळी मेनूतलं 'लॉग्ज' उघडून फर्मवेअर हा शब्द शोधला की फाइल चढली नाही अशी ओळ सापडते. तिसरी मेसा: ग्राफिक्स कार्डाकडून चित्र काढून घेणारं सॉफ्टवेअर. रेडिऑन आरएक्स ९०७० सारखं मार्च २०२५ मध्ये आलेलं कार्ड नुसत्या नव्या कर्नलवर नीट चालत नाही. मेसा २५ सकट तिन्ही गोष्टींची जोड लागते. 'कर्नल नवा टाकला तरी गेम अडखळतो' या तक्रारीमागे बहुधा जुना मेसा असतो.

६.८ ते ६.१४ या प्रवासात काय काय आलं? ६.१० मध्ये इंटेलच्या आयपीयू६ कॅमेऱ्यांचा मूळ ड्रायव्हर आला. ६.१२ पासून इंटेलच्या लूनर लेक प्रोसेसरचं ग्राफिक्स आणि आर्क बी-मालिकेची कार्डं आपोआप सुरू होऊ लागली. ६.१४ मध्ये एएमडीच्या एनपीयूचा (एआयची कामं करणाऱ्या भागाचा) ड्रायव्हर दाखल झाला, पण त्या एनपीयूवर रोजच्या वापरातलं फार काही चालत नाही. दुकानदार 'एआय लॅपटॉप' म्हणून जास्त पैसे मागत असेल, तर लिनक्ससाठी ते पैसे देऊ नका. त्याउलट कुणीच जाहिरात न केलेली एक गोष्ट फार कामाची आहे. रिअलटेकच्या ८८१२एयू आणि ८८२१एयू चिपचे यूएसबी वाय-फाय डोंगल ६.१४ मध्ये बाहेरचा ड्रायव्हर न टाकता चालतात. पूर्वी दर कर्नल अपडेटला ते बंद पडायचे.

चिपचा नंबर काढा, खोकं वाचू नका

मशीनवर विंडोज असेल तर डिव्हाइस मॅनेजर उघडा. नेटवर्क अॅडॅप्टरवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, मग डिटेल्स, आणि खालच्या यादीत हार्डवेअर आयडीज. तिथे 'व्हेन' पुढचा चार अंकी-अक्षरी भाग कंपनीचा, 'डेव्ह' पुढचा चिपचा. अंतर्गत कार्डांत ८०८६ म्हणजे इंटेल (हो, जुन्या प्रोसेसरचाच नंबर), १०ईसी म्हणजे रिअलटेक, १४सी३ मीडियाटेक, १४ई४ ब्रॉडकॉम. यूएसबी डोंगलमध्ये व्हेन-डेव्हऐवजी 'व्हीआयडी'-'पीआयडी' दिसतं आणि रिअलटेकचा नंबर ०बीडीए होतो. हे आठ अंक-अक्षरं कागदावर लिहून घ्या आणि 'लिनक्स' जोडून शोधा. मॉडेलच्या नावाने शोधलं तर दहा जणांची दहा मतं मिळतात.

डोंगलच्या बाबतीत हे फारच महत्त्वाचं. टीपी-लिंकचं डब्ल्यूएन७२२एन घ्या: पहिल्या आवृत्तीत अॅथेरॉसची चिप, दुसऱ्यात-तिसऱ्यात रिअलटेकची. खोकं जवळजवळ सारखंच. आवृत्ती स्टिकरवर बारीक अक्षरात 'व्हर' अशी छापलेली असते. दुकानात काउंटरवरच खोकं फिरवून वाचा. बिल झाल्यावर 'चिप वेगळी निघाली' या कारणावर कुणी माल परत घेत नाही.

वाय-फाय कार्ड बदलायचं असेल तर

जुन्या लॅपटॉपला नवं वाय-फाय कार्ड हा स्वस्त आणि समाधान देणारा उपाय आहे, पण चुकीचं कार्ड घरी आणणं त्याहून सोपं आहे.

इंटेलच्या कार्डांचा शेवटचा अंक बघा. एएक्स२०० आणि एएक्स२१० ही पूर्ण कार्डं, एएमडीच्या मशीनवरही चालतात. एएक्स२०१, एएक्स२११, बीई२०१ ही १ ने संपणारी कार्डं अर्धीच असतात. त्यांचा उरलेला भाग इंटेलच्या ठरावीक प्रोसेसर-चिपसेटमध्ये असतो. खाच तीच, कार्ड घट्ट बसतं, पण मशीनला ते दिसत नाही. दुकानदार 'सेम आहे, नवं मॉडेल' म्हणेल. सेम नाही. वाय-फाय ७ चं बीई२०० पूर्ण कार्ड असलं तरी एएमडीच्या बोर्डांवर ते बहुधा उठत नाही, तेव्हा एएमडीवाल्याने एएक्स२१० वरच थांबावं.

घेण्याआधी तळाचं झाकण उघडून आताचं कार्ड पाहा. साधारण २२ बाय ३० मिलिमीटरचं असेल तर एम डॉट टू. त्याहून रुंद आणि दोन स्क्रूंनी धरलेलं असेल तर मिनी पीसीआयई, त्यात एएक्स२१० बसणार नाही. अँटेनाच्या वायरींची टोकंही दोन मापांची असतात. मिनी पीसीआयईची मोठी, एम डॉट टूची लहान. अडॅप्टर लावून कार्ड बसवलं तरी टोक दाबून बसत नाही आणि जोर दिला तर कार्डावरची पितळी गुंडी निघून येते. टोक सरळ वर ठेवून नखाने दाबायचं. 'टिक' असा हलका आवाज आला की बसलं.

काही जुन्या लेनोवो आणि एचपी लॅपटॉपांच्या बायोसमध्ये (मशीन सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) मान्य कार्डांची यादी असते. वेगळं कार्ड लावलं की मशीन सुरू होतानाच अडतं आणि अनधिकृत नेटवर्क कार्डाचा संदेश येतो. तिथे लिनक्स काही करू शकत नाही. यूएसबी डोंगल घ्या. डेस्कटॉपला पीसीआयई वाय-फाय कार्ड लावत असाल तर सोबतची बारीक यूएसबी केबल मदरबोर्डच्या पिनांवर जोडायला विसरू नका. ब्लूटूथ त्याच तारेतून जातं. वाय-फाय चालतं, ब्लूटूथ नाही, याचं कारण दहापैकी बहुतेक वेळा हीच न जोडलेली केबल.

एक मुंबईची गोष्ट. इथल्या दमट हवेत आणि समुद्राजवळच्या घरात बरीच वर्षं पडून असलेल्या मशीनच्या रॅमचे आणि कार्डांचे सोनेरी दात काळवंडतात. 'लिनक्स टाकल्यावर मधेच अडकतं' असं वाटण्याआधी रॅम काढून दात साध्या पांढऱ्या खोडरबराने हलके घासा, कचरा मऊ ब्रशने झाडा आणि पुन्हा बसवा. आधी बॅटरीची जोडणी काढायची, हे वेगळं सांगायला नको.

विंडोज जाण्याआधीची कामं

बायोस अपडेट आत्ताच करून घ्या. बऱ्याच कंपन्यांची बायोस अपडेट फाइल विंडोजमधूनच चालते, नंतर पेनड्राइव्हचा खटाटोप पडतो. चार्जर लावलेला हवा आणि बॅटरी निम्म्याच्या वर. पावसाळ्यात बिल्डिंगची लाइट मधेच गेली आणि बायोस अर्धवट लिहिला गेला, तर मदरबोर्ड रिपेअरवाल्याकडे जावं लागतं.

दोन्ही सिस्टिम ठेवायच्या असतील तर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, तपासा. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत मायक्रोसॉफ्ट खात्याने नव्याने इन्स्टॉल केलं की डिस्क बहुधा न विचारता एन्क्रिप्ट होते. ४८ अंकी रिकव्हरी की खात्यातून काढून कागदावर लिहा आणि बायोसमध्ये काहीही बदलण्याआधी बिटलॉकर थांबवा. कीशिवाय तो डेटा कुणीही परत आणू शकत नाही, 'डेटा रिकव्हरी' अशी पाटी लावलेलं दुकानही नाही.

फास्ट स्टार्टअप बंद करा. तो सुरू असेल तर विंडोज 'शट डाउन' म्हणून अर्धवट झोपतं, मिंटमध्ये डी ड्राइव्ह फक्त वाचता येतो आणि काही वाय-फाय चिप बंद अवस्थेतच अडकून राहतात.

इन्स्टॉलरला एनव्हीएमई डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये बहुधा इंटेल आरएसटी किंवा रेड (RAID) मोड असतो. तो एएचसीआय करायचा. विंडोज पूर्ण काढणार असाल तर सरळ बदला. ठेवायचं असेल तर आधी विंडोजमध्ये एमएसकॉन्फिग उघडून बूटच्या पानावर सेफ बूटला टिक करा, रीस्टार्ट करून बायोसमध्ये एएचसीआय निवडा, विंडोज सेफ मोडमध्ये उठू द्या, टिक काढा, पुन्हा रीस्टार्ट. सेफ मोडमध्ये पिन चालेलच असं नाही, तेव्हा खात्याचा पूर्ण पासवर्ड माहीत असू द्या. जुन्या डेस्कटॉपचा सीआर२०३२ सेल गेला असेल तर लाइट गेल्यावर बायोस मूळ पदावर येतो, मोड पुन्हा बदलतो आणि सगळं 'काल चालत होतं, आज नाही' होतं. सेल बदलून टाका, किरकोळ खर्च आहे.

पेनड्राइव्ह आणि लाइव्ह तपासणी

८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. विंडोजवर रूफस हे पेनड्राइव्ह बनवायचं अॅप उघडा, मिंटची फाइल निवडा, स्टार्ट. आयएसओ पद्धतीने बूट झालं नाही तर दुसऱ्यांदा डीडी पद्धत निवडा. दोन वर्षांपूर्वी बनवून ड्रॉवरमध्ये ठेवलेला पेनड्राइव्ह वापरू नका: ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटनंतर जुने लिनक्स पेनड्राइव्ह सिक्युअर बूटला (मान्य सही नसलेली सिस्टिम उठू न देणाऱ्या बायोसच्या कुलपाला) 'एसबीएटी' असा संदेश देऊन बंद पडू लागले.

पेनड्राइव्हवरून मिंट उठलं की लगेच इन्स्टॉलवर क्लिक करू नका. अर्धा तास तपासा, हा या सगळ्यातला सर्वात मोलाचा अर्धा तास. घरच्या राउटरच्या २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्ही नेटवर्कना जोडून पाहा. यूट्यूबवर काहीही लावून स्पीकर, मग हेडफोनचा जॅक, मग माइकवर रेकॉर्डिंग. आवाजाच्या यादीत फक्त 'डमी आउटपुट' दिसलं तर ऑडिओचं फर्मवेअर बहुधा चढलेलं नाही. ब्राइटनेसची बटणं, कॅमेरा, एचडीएमआय किंवा टाइप-सीवर दुसरा मॉनिटर. शेवटी झाकण लावा, पाच मिनिटांनी उघडा. स्क्रीन परत येते का आणि वाय-फाय पुन्हा जोडलं जातं का, हे पाहा.

नंतर मेनूतून सिस्टिम रिपोर्ट्स, त्यात सिस्टिम इन्फर्मेशन. नेटवर्क, ऑडिओ, ग्राफिक्स या प्रत्येकापुढे 'ड्रायव्हर' लिहिलेला असतो आणि चिपचा नंबरही. ड्रायव्हरपुढे एन/ए असेल तर ते उपकरण कर्नलला ओळखू आलेलं नाही. या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुढे कुणाला मदत मागायची तर हाच फोटो पाठवायचा; 'वाय-फाय चालत नाही' एवढ्यावर कुणीच काही सांगू शकत नाही.

पेनड्राइव्हवरून उठताना स्क्रीन काळी राहिली आणि मशीनमध्ये एनव्हीडियाचं कार्ड असेल, तर पहिल्या मेनूत कम्पॅटिबिलिटी मोड निवडा. दिसेल ओबडधोबड, पण इन्स्टॉल होईल.

इन्स्टॉलनंतर: ड्रायव्हर मॅनेजर आणि तो निळा पडदा

नेट नसेल तर फोन यूएसबी केबलने जोडा आणि फोनमध्ये यूएसबी टेदरिंग सुरू करा. मिंट ते लगेच ओळखतं. २०१३ ते २०१५ च्या सुमाराच्या लॅपटॉपांत ब्रॉडकॉमची ४३१४२ चिप असते, तिला ड्रायव्हर मॅनेजरमधूनच ड्रायव्हर द्यावा लागतो. फोनही नसेल तर इन्स्टॉलचा पेनड्राइव्ह लावून ठेवा, ड्रायव्हर मॅनेजर त्याच्यावरून घेऊ शकतो.

एनव्हीडियाला 'रेकमेंडेड' लिहिलेला ड्रायव्हर घ्या, पण दोन अपवाद लक्षात ठेवा. आरटीएक्स ५० मालिकेला 'ओपन' लिहिलेलाच लागतो. जीटीएक्स ७५० टीआय, ९००, १००० मालिकेची कार्डं ५८० या शाखेपर्यंतच. त्यापुढचा ड्रायव्हर त्यांना ओळखत नाही.

आता निळा पडदा. सिक्युअर बूट चालू असताना बाहेरचा ड्रायव्हर टाकला की मिंट एक पासवर्ड ठरवायला सांगतं. रीस्टार्टला निळ्या पडद्यावर 'मॉक मॅनेजमेंट' येतं आणि कुठलीच कळ दाबली नाही तर दहा सेकंदांत निघून जातं. लोक तेव्हाच चहा आणायला उठतात. तिथे एन्रोल मॉक, कंटिन्यू, येस, मग तोच पासवर्ड, रीबूट. हुकलं तर ड्रायव्हर पडून राहतो पण चालू होत नाही, आणि 'टाकला तरी काही फरक नाही' असं वाटतं. ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला की पडदा परत येतो.

कर्नल पुढे नेणं, आणि मागे येणं

मिंट २२ किंवा २२.१ वरून २२.२ केलं म्हणजे कर्नलही बदललाच असं समजू नका. सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये 'कर्नल' पुढचा नंबर वाचा. ६.८ असेल आणि सगळं नीट चालत असेल तर हात लावू नका. ती शाखा पायाभूत असल्यामुळे तिला दीर्घकाळ अपडेट मिळतात. ६.११ आणि ६.१४ या मधल्या शाखा पुढची आली की संपतात, मग पुढे सरकावंच लागतं. सहाव्या पिढीच्या थिंकपॅडला नव्या कर्नलचा फायदा जवळजवळ शून्य.

बदलायचाच असेल तर अपडेट मॅनेजर, व्ह्यू, लिनक्स कर्नल्स. डावीकडे शाखा, उजवीकडे आवृत्त्या; सर्वात वरची निवडून इन्स्टॉल, मग रीस्टार्ट. जुना कर्नल लगेच काढू नका, निदान आठवडाभर दोन्ही असू द्या. नव्यावर काही बिघडलं तर मशीन सुरू होताना एस्केप दाबा (जुन्या बायोसवर शिफ्ट धरून ठेवा), अॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जुना नंबर निवडा. बिघाड बहुधा बाहेरच्या ड्रायव्हरचा असतो: ब्रॉडकॉम, एनव्हीडिया किंवा हाताने टाकलेला डोंगलचा ड्रायव्हर. तो दर कर्नलसाठी नव्याने बांधला जातो आणि बांधणी फसली की वाय-फाय गायब.

झोप, कॅमेरा, बोटाचा ठसा

बॅगेत तापण्याचं कारण असं: बऱ्याच नव्या लॅपटॉपांत जुनी खोल झोप उरलेली नाही. त्यांची झोप मोबाइलसारखी हलकी असते आणि एखादं उपकरण जागं राहिलं की बॅटरी वाहत राहते. काही थिंकपॅडच्या बायोसमध्ये 'स्लीप स्टेट' असा पर्याय असतो, तो 'लिनक्स' करा. नसेल, आणि रात्रभरात बॅटरी बरीच उतरत असेल, तर ट्रेनमध्ये चढण्याआधी सरळ शट डाउन करा. एसएसडीवर मिंट अर्ध्या मिनिटाच्या आत उठतं, मग झोपेचा हट्ट कशाला.

पातळ, महागड्या इंटेल लॅपटॉपांतले कॅमेरे यूएसबीऐवजी आयपीयू६ मार्गाने जोडलेले असतात. कर्नलमध्ये ड्रायव्हर असूनही झूम किंवा मीटमध्ये चित्र येईलच असं नाही. लाइव्ह तपासणीत कॅमेरा दिसला नाही तर ऑनलाइन क्लास घेणाऱ्याने साधा यूएसबी वेबकॅम घ्यावा.

२२.२ मध्ये बोटाच्या ठशासाठी 'फिंगविट' नावाचं अॅप आलं आहे. ठसा नोंदवा आणि लॉगिन, स्क्रीनलॉक, अॅडमिनचा पासवर्ड यांपैकी कुठे वापरायचा ते टिक करा. होम फोल्डर एन्क्रिप्ट केलेलं असेल तर पहिल्या लॉगिनला तरीही पासवर्डच लागतो. तो बिघाड नाही. सेन्सर यादीत नसेल तर ड्रायव्हरच नाही, तिथे वेळ घालवू नका.

प्रिंटर: खरी अडचण इथे येते

सोसायटीच्या ऑफिसात, दवाखान्यात, झेरॉक्सच्या दुकानात एचपी लेझरजेट १०२० किंवा कॅनन एलबीपी २९०० हमखास दिसतो. दोघांचीही गत वेगळी. १०२० ला स्वतःचं फर्मवेअर साठवता येत नाही, दर वेळी चालू केल्यावर संगणकाने ते पाठवावं लागतं. म्हणून प्रिंटर 'रेडी' दिसतो, जॉब जातो, कागद हलत नाही. सॉफ्टवेअर मॅनेजरमधून एचपीएलआयपी या एचपीच्या लिनक्स प्रिंटर-सॉफ्टवेअरचं ग्राफिकल टूल टाका, त्यातून प्रिंटर जोडा आणि प्लग-इन उतरवायला हो म्हणा. प्लग-इनची आवृत्ती एचपीएलआयपीशी तंतोतंत जुळावी लागते, म्हणून मिंटची मोठी आवृत्ती बदलली की प्लग-इन पुन्हा घ्यावा लागतो.

एलबीपी २९०० 'कॅप्ट' नावाच्या कॅननच्या स्वतःच्या भाषेत बोलतो. त्याचा लिनक्स ड्रायव्हर जुना आणि हट्टी आहे. बसवता येतो, पण रोज वीस पावत्या छापणाऱ्या ऑफिसने त्याच्यावर भरवसा ठेवू नये. एक जुनं विंडोज मशीन फक्त छापण्यासाठी ठेवा, किंवा पुढचा प्रिंटर घेताना खोक्यावर एअरप्रिंट वा मोप्रिया लिहिलं आहे का बघा. असा वाय-फाय प्रिंटर मिंटमध्ये ड्रायव्हर न टाकता आपोआप दिसतो.

श्रीलिपीवर डीटीपी करणाऱ्यांनी आणि जीएसटी किंवा टेंडरसाठी डिजिटल सिग्नेचरचा टोकन वापरणाऱ्यांनी मूळ विंडोज डिस्क पुसू नये. जुनी डिस्क काढून बाजूला ठेवा, दुसऱ्या एसएसडीवर मिंट टाका आणि एक पूर्ण महिना, रिटर्नच्या तारखेसकट, काढून बघा. नाहीच जमलं तर चार स्क्रू फिरवून जुनी डिस्क पुन्हा जागेवर.